जकातघराच्या किल्ल्या

१७ डिसेंबर १९१४ रोजी भर दिवसा अमेरिकन आरमाराच्या ‘मचायस’ या गनबोटीवरचे आठ मरीन सैनिक हैतीच्या राजधानीत, पोर्ट-ऑ-प्रिन्समध्ये, किनाऱ्यावर उतरले. ते देशाच्या राष्ट्रीय बँकेत गेले. लाकडी खोक्यांत भरलेले पाच लाख डॉलर किमतीचे सोने त्यांनी बाहेर काढले आणि बोटीवर चढवले. काही दिवसांत ते सोने न्यूयॉर्कला, वॉल स्ट्रीटवरच्या एका बँकेच्या तिजोरीत जाऊन पडले. त्या दिवशी अमेरिका आणि हैती यांच्यात युद्ध नव्हते. हैतीच्या सरकारने निषेध नोंदवला. त्याचा उपयोग झाला नाही.

त्या वेळी अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते विल्यम जेनिंग्ज ब्रायन. अध्यक्षपदाला तीनदा उभे राहून तीनदा पडलेले गृहस्थ. १८९६ साली सोन्याच्या चलनाविरुद्ध आणि वॉल स्ट्रीटच्या सावकारीविरुद्ध भाषणे करून त्यांनी सारा देश गाजवला होता. १९०० साली फिलिपीन्स ताब्यात ठेवण्याला विरोध हा त्यांच्या प्रचाराचा मुद्दा होता. अशा माणसाच्या कारकिर्दीत, एका बँकेच्या विनंतीवरून, दुसऱ्या देशातले सोने आरमाराकरवी हलवले गेले. लबाड मंत्र्याने असे केले असते तर आपण त्याच्या लबाडीकडे बोट दाखवून पुढे गेलो असतो. इथे तशी सोय नाही. खात्यात आधीपासून चालत आलेली एक रीत होती, ब्रायन त्या रीतीने वागले, आणि या लेखाचा विषय ती रीत आहे.

मराठीत अमेरिकन साम्राज्यवादावर जे लिहिले जाते ते बहुतेक व्हिएतनामपासून सुरू होते. मागे गेलेच तर पनामा कालव्यापर्यंत. साम्राज्य म्हटले की आपल्याला गोरा कलेक्टर, त्याचा बंगला, त्याची मोजणी आणि वर फडकणारे निशाण आठवते. कॅरिबियन समुद्रातल्या अमेरिकन साम्राज्यात यांतले बरेचसे नव्हते. सँतो दोमिंगोला, हैतीला, निकाराग्वाला त्यांचा त्यांचा राष्ट्राध्यक्ष होता, झेंडा होता, राष्ट्रगीत होते. अमेरिकेने ताब्यात घेतले ते बंदरावरचे जकातघर. ते का घेतले आणि घेतल्यावर काय काय आपोआप हाती येत गेले, हे पाहण्यासारखे आहे.

आधी साधा हिशेब. हिंदुस्थानात इंग्रजांचा पैसा मुख्यतः जमिनीतून येई. त्यासाठी गावोगाव मोजणी, दप्तरे, कुलकर्णी, मामलेदार आणि प्रत्येक जिल्ह्याला कलेक्टर असा भला मोठा पसारा लागला. हैतीत तसे नव्हते. गुलामांनी बंड करून, फ्रेंचांना हाकलून मिळवलेला हा देश. १ जानेवारी १८०४ला स्वातंत्र्य जाहीर झाल्यावर जुने मळे हळूहळू मोडत गेले आणि डोंगरउतारावर छोटे तुकडे कसणारा शेतकरी उभा राहिला. त्याच्याकडून शेतसारा वसूल करणे कुठल्याच सरकारला जमले नाही. पण तो कॉफी पिकवी, आणि ती कॉफी बोटीतून युरोपला जाई. कापड, साबण, खारवलेले मासे बोटीतूनच येत. तेव्हा सरकारचे जवळजवळ सगळे उत्पन्न बंदरावरच्या जकातीचे: जाणाऱ्या कॉफीवर एक आणि येणाऱ्या मालावर दुसरी. अशा देशाचा खजिना ताब्यात घ्यायला हजारो अधिकारी लागत नाहीत. आठ-दहा बंदरांवर आठ-दहा कारकून बसवले आणि जवळ एखादी युद्धनौका नांगरून ठेवली की काम झाले.

हे गणित अमेरिकनांच्या ध्यानात आले ते फिलिपीन्सच्या अनुभवातून. १८९८ साली स्पेनचा पराभव करून, दोन कोटी डॉलर मोजून, त्यांनी ती बेटे घेतली. पण घेतलेली माणसे विकली जायला तयार नव्हती. १८९९ ते १९०२ असे तीन वर्षे युद्ध चालले. चार हजारांवर अमेरिकन सैनिक मेले, आणि फिलिपिनो किती मेले याचे अंदाज दोन लाखांच्या पुढे जातात. मायदेशात साम्राज्यविरोधी संघटना निघाली, मार्क ट्वेनसारखा लेखक तिच्यात होता. माझे मत असे की वॉशिंग्टनने यातून घेतलेला धडा खर्चाचा होता. वसाहत म्हणजे सैन्य, प्रशासन, काँग्रेसमध्ये दरसाल वादावादी. पुढच्या वेळी इतकी किंमत मोजायची नाही, हे ठरले.

पुढची वेळ लवकरच आली. १९०२च्या डिसेंबरात ब्रिटन, जर्मनी आणि इटली यांनी कर्जवसुलीसाठी व्हेनेझुएलाच्या बंदरांना आरमारी वेढा घातला. प्रकरण हेगच्या लवादाकडे गेले, आणि लवादाने १९०४च्या फेब्रुवारीत निकाल दिला की ज्यांनी वेढा घातला त्यांचे पैसे आधी फेडावेत. म्हणजे तोफा घेऊन येणारा सावकार पहिला आणि शांतपणे वाट पाहणारा मागे! निकालाचा अर्थ सगळ्या युरोपने नीट वाचला. सँतो दोमिंगो, म्हणजे आजचे डोमिनिकन प्रजासत्ताक, तेव्हा युरोपियन आणि अमेरिकन सावकारांच्या कर्जात बुडालेले होते. आपल्या दारात युरोपची आरमारे येणार या धास्तीने अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०४च्या डिसेंबरातल्या वार्षिक संदेशात नवे सूत्र मांडले: या गोलार्धातला एखादा देश सतत गैरवर्तन करील किंवा दुबळेपणाने कोलमडेल, तर अमेरिकेला नाइलाजाने पोलिसाचे काम करावे लागेल. त्यांनी सुरुवात जकातघरापासून केली. १९०५ साली डोमिनिकन जकातीची वसुली अमेरिकन अधिकाऱ्याकडे आली. वसुलीतला ४५ टक्के हिस्सा तिथल्या सरकारला, ५५ टक्के सावकारांसाठी न्यूयॉर्कच्या बँकेत. अमेरिकन सिनेटने त्या साली हा करार मंजूर केला नाही. रूझवेल्ट यांनी तो तात्पुरती व्यवस्था म्हणून चालूच ठेवला. सिनेटची मंजुरी १९०७ साली आली, तोवर जकातघर दोन वर्षे अमेरिकनांच्या हातात होते.

या व्यवस्थेमागचा युक्तिवाद वरवर बिनतोड होता. तिथल्या क्रांत्या कशा होतात? एखादा सरदार चार-पाचशे माणसे जमवतो, जवळचे बंदर घेतो, तिथल्या जकातीच्या पैशावर आणखी माणसे जमवतो आणि राजधानीवर चालून जातो. जकातघर परक्याच्या बंदोबस्तात ठेवा, क्रांत्यांचा दाणापाणी तुटेल. पहिली काही वर्षे तसे झालेही. वसुली वाढली, उरलेल्या ४५ टक्क्यांत सरकारला पूर्वीच्या शंभर टक्क्यांपेक्षा जास्त मिळते, असा अमेरिकन अधिकाऱ्यांचा दावा होता. पण १९११च्या नोव्हेंबरात अध्यक्ष रामोन कासेरेस यांचा खून झाला आणि बंडे पुन्हा सुरू झाली. बंदर मिळत नाही म्हटल्यावर भांडण थेट राजधानीतल्या तिजोरीसाठी होऊ लागले. १९१६ साली अमेरिकेने तिथे सैन्य उतरवले आणि आरमारी अधिकाऱ्याच्या हाताखाली उघड लष्करी सरकार बसवले. ते १९२४ पर्यंत होते. बंडे थांबवण्याचा स्वस्त उपाय म्हणून जो सुरू झाला, त्याचा शेवट असा झाला.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण इतिहासाच्या पुस्तकांत ती विखुरलेली सापडते. हे जकात अधिकारी आले कुठून? मनिलातून. फिलिपीन्सचे जकात खाते ही त्यांची तालीम होती. जॉर्ज कॉल्टन फिलिपीन्सच्या जकात खात्यातून १९०५ साली सँतो दोमिंगोला गेला आणि १९०९ साली पोर्तो रिकोचा गव्हर्नर झाला. क्लिफर्ड हॅम मनिलातून निघाला तो १९११ पासून १९२८ पर्यंत निकाराग्वाच्या जकातीचा प्रमुख होता. मॉर्गन शूस्टरने क्यूबात आणि मग मनिलात जकात सांभाळली; १९११ साली इराणच्या मजलिसने त्याला खजिनदार म्हणून बोलावले. तिथे रशियाने त्याला टिकू दिले नाही, ब्रिटनने रशियाची पाठराखण केली, आणि परत येऊन त्याने ‘द स्ट्रँगलिंग ऑफ पर्शिया’ हे पुस्तक लिहिले. रशिया आणि ब्रिटन मिळून एका देशाचा गळा कसा घोटतात याचे ते तळमळीचे वर्णन आहे. आपल्याच खात्याचे सहकारी निकाराग्वात काय करत आहेत, हा प्रश्न त्याला पडला नसावा. ही माणसे बहुतेक प्रामाणिक होती, लाच घेत नसत, हिशेब पैशापर्यंत जुळवत. त्यांच्या कार्यक्षमतेवर संशय घेणाऱ्या लेखनाशी मी सहमत नाही. कार्यक्षमता कुणाच्या कामी आली, एवढेच विचारायचे आहे. त्यासाठी हैतीकडे परत येऊ.

हैतीच्या कर्जाचा जन्म विलक्षण आहे. १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौकांचा ताफा पाठवून हैतीला कळवले की स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक द्या. हे पैसे कशाचे? मळेवाल्यांच्या बुडालेल्या मालमत्तेचे, आणि त्या मालमत्तेत गुलाम धरलेले होते. सुटलेल्या माणसांनी आपली किंमत आपल्या जुन्या मालकांना द्यायची! पहिला हप्ता भागवण्यासाठी हैतीला पॅरिसच्याच सावकारांकडून तीन कोटी फ्रँकांचे कर्ज काढावे लागले, आणि त्यातले साठ लाख कापले जाऊन हाती दोन कोटी चाळीस लाख आले. १८३८ साली रक्कम कमी करून एकूण नऊ कोटींवर आणली गेली, पण तोवर कर्ज फेडण्यासाठी कर्ज ही सवय लागली होती. १८७५, १८९६, १९१० अशी नवी कर्जे आली. १८८० साली स्थापन झालेली ‘राष्ट्रीय’ बँक पॅरिसच्या एका बँकेची होती. १९१०च्या पुनर्रचनेत तिच्यात न्यूयॉर्कच्या नॅशनल सिटी बँकेने आणि इतर अमेरिकन, जर्मन भांडवलदारांनी हिस्से घेतले.

या बँकेचे काम नीट समजून घ्यायला हवे. सरकारचा सगळा महसूल आधी तिच्याकडे जमा होई. ती वर्षभर सांभाळून ठेवी, कर्जाचा हप्ता कापी, आणि मधल्या काळात सरकारला दरमहा खर्चापुरते पैसे आगाऊ देई. हा मासिक आगाऊ रकमेचा करार दरसाल नवा करावा लागे. १९१४ साली बँकेने तो करायचे नाकारले. पोर्ट-ऑ-प्रिन्समधल्या अमेरिकन वकिलाने त्या जूनमध्ये वॉशिंग्टनला जे लिहिले त्याचा मथितार्थ असा: करार थांबला की सरकारचा गाडा चालणार नाही, बँकेला हवे आहे ते हेच, कारण मग हे सरकार अमेरिकेकडे मदत मागायला येईल. या खेळात बँकेच्या बाजूने रॉजर फार्नम हा माणूस होता. तो नॅशनल सिटी बँकेचा उपाध्यक्ष, हैतीच्या रेल्वे कंपनीचा अध्यक्ष, आणि परराष्ट्र खात्याला हैतीविषयी सल्ला देणाराही तोच. धनको, ठेकेदार आणि सल्लागार एकच! जुलै १९१४ मध्ये जकातीच्या ताब्याचा मसुदा वॉशिंग्टनमध्ये तयार होता. डिसेंबरातले ते सोने म्हणजे बँकेने हैतीच्या चलनसुधारणेसाठी राखून ठेवलेला निधी; तो सरकारच्या हाती पडू नये म्हणून हलवला गेला.

० ० ०

हैतीत तेव्हा सारे आलबेल होते असे अजिबात नाही. १९११ ते १९१५ या चार वर्षांत सात अध्यक्ष झाले. त्यांतला एक १९१२ साली राजवाड्यासकट स्फोटात उडाला. २७ जुलै १९१५ला अध्यक्ष व्हिलब्रन गियोम साम याच्या राजवटीत राजधानीच्या तुरुंगात १६७ राजकीय कैदी कापले गेले. दुसऱ्या दिवशी मृतांच्या नातलगांच्या जमावाने फ्रेंच वकिलातीत लपलेल्या सामला ओढून बाहेर काढले आणि रस्त्यावर ठार केले. त्याच दिवशी ॲडमिरल विल्यम कॅपर्टन याने तीनशेवर मरीन आणि खलाशी उतरवले. जाहीर कारण जीवितरक्षण. कत्तल खरी होती, हेही खरे. पण कॅपर्टनच्या माणसांनी त्यानंतर काय काय हाती घेतले याचा क्रम पाहिला, की आधीचा मसुदा आठवतो.

१२ ऑगस्टला मरीनांच्या पहाऱ्यात विधिमंडळाने नवा अध्यक्ष निवडला: फिलिप सुद्र दार्तिगनाव. लोकप्रिय उमेदवार रोझाल्व्हो बोबो अमेरिकनांना चालणार नव्हता. त्याच महिन्यात काप-हैतियनपासून जाक्मेलपर्यंत दहा बंदरांची जकातघरे एकामागून एक ताब्यात घेण्यात आली आणि तिथे आरमारातले पगार-अधिकारी बसले. ३ सप्टेंबरला राजधानीत लष्करी कायदा जाहीर झाला. १६ सप्टेंबरला करारावर सही झाली. आता तो हैतीच्या सिनेटने मंजूर करायचा होता, आणि सिनेट घोळ घालत होती. जकात अमेरिकनांच्या हातात, म्हणून सरकारी नोकरांचे पगार अडलेले. नोव्हेंबरात वॉशिंग्टनहून तार आली की करार फेटाळला तरी अमेरिका हैतीवरचा ताबा सोडणार नाही. कॅपर्टनने ती मंत्र्यांच्या कानावर घातली. ११ नोव्हेंबरला मंजुरी मिळाली. दिवाणी हाती आल्यावर निजामत कशी नावापुरती उरते, हे आपल्याकडे १७६५ साली बंगालने पाहिले होते.

या कराराचे पाचवे कलम मला सगळ्यांत बोलके वाटते. जकातीचे पैसे कोणत्या क्रमाने खर्च करायचे हे त्यात लिहिलेले आहे. पहिल्यांदा वसुली करणाऱ्या अमेरिकन अधिकाऱ्याचे आणि आर्थिक सल्लागाराचे पगार व त्यांच्या कचेरीचा खर्च. मग कर्जाचे व्याज आणि मुद्दल. मग अमेरिकन अधिकाऱ्यांच्या हुकमतीखालच्या शिपाईदलाचा खर्च. यातून जे उरेल ते हैती सरकारला चालू खर्चासाठी. शाळा, न्यायालये, दवाखाने, शिक्षकांचे पगार हे सगळे त्या शेवटच्या ‘उरेल ते’मध्ये. कलमात कुठेही अपशब्द नाही, धमकी नाही. पण कुणाचे पोट आधी भरायचे हे एकदा ठरवून दिले की राज्य कुणाचे, याचे उत्तर वेगळे लिहावे लागत नाही.

पुढचे सगळे याच कलमातून निघाले असे मी म्हणत नाही. काही गोष्टी सैनिकी उद्दामपणाच्या आहेत. परदेशी माणसाला हैतीत जमीन घेता येणार नाही, ही अट पहिल्या राज्यघटनेपासून, १८०५ पासून, चालत आली होती. गुलामगिरी पुन्हा येण्याविरुद्धची ती भिंत होती. १९१७ साली विधिमंडळाने ती काढायला नकार दिला, तेव्हा शिपाईदलाचा अमेरिकन प्रमुख स्मेडली बटलर याने दार्तिगनावच्या सहीचा हुकूम नेऊन विधिमंडळच बरखास्त केले. मग १९१८च्या जूनमध्ये शिपायांच्या देखरेखीखाली सार्वमत झाले: अठ्ठ्याण्णव हजारांवर मते बाजूने, आठशेच्या आत विरोधात. बहुसंख्य जनतेला लिहिता-वाचता येत नव्हते. दोन वर्षांनी आरमार खात्याचा माजी उपमंत्री निवडणुकीच्या सभेत फुशारकीने म्हणाला की हैतीची घटना मीच लिहिली, आणि चांगली लिहिली. त्याचे नाव फ्रँकलिन रूझवेल्ट. (तो दावा अतिशयोक्त होता, पण तो अभिमानाने करावासा वाटला, हे पुरेसे आहे.)

रस्ते बांधायला पैसा ‘उरेल ते’मधून येणार, म्हणजे येणार नाही. म्हणून १८६४च्या एका जुन्या कायद्यातली वेठ उकरून काढण्यात आली. कायद्याप्रमाणे शेतकऱ्याने आपल्या भागातल्या रस्त्यावर वर्षाकाठी थोडे दिवस काम करायचे. प्रत्यक्षात माणसांना दोरांनी बांधून दूरदूरच्या कामांवर नेले जाऊ लागले. पळणाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या. ज्या देशाचा जन्मच गोऱ्या माणसाच्या हुकमाखाली दोरीने बांधले जाण्याविरुद्ध झाला, तिथे याचा अर्थ काय होईल हे कळायला फार बुद्धी लागत नव्हती. वेठ १९१८च्या ऑक्टोबरात कागदोपत्री बंद झाली. ॲन्शच्या डोंगराळ भागात ती पुढेही चालू राहिली.

त्याच ॲन्शचा शार्लमाञ पेराल्त. जमीनदार घरातला, माजी लष्करी अधिकारी. बंडाच्या आरोपावरून त्याला सक्तमजुरी झाली होती आणि काप-हैतियनचे रस्ते झाडायला लावले होते. १९१८च्या सप्टेंबरात तो पहाऱ्यावरच्या शिपायाला घेऊनच पळाला आणि डोंगरातल्या ‘काको’ टोळ्यांचा पुढारी झाला. हजारो शेतकरी त्याच्यामागे होते. १९१९च्या ऑक्टोबरात त्याच्या माणसांनी थेट राजधानीवर हल्ला चढवला. महिनाअखेरीस हर्मन हॅनेकन नावाच्या मरीनने फितुराच्या मदतीने, तोंडाला काळे फासून, त्याच्या तळात शिरून त्याला गोळ्या घातल्या. मेल्याची खात्री पटावी म्हणून त्याचे प्रेत एका फळीला बांधून छायाचित्र काढले आणि प्रती वाटल्या. फळीला टेकवलेले उघडे शरीर, कमरेला गुंडाळलेले फडके, मागे निशाण. पाहणाऱ्या कॅथलिक शेतकऱ्यांना त्यात क्रुसावरचा ख्रिस्त दिसला. छायाचित्र काढणाऱ्यांच्या ते स्वप्नातही नसेल. मरीन दलाच्याच आकड्यांप्रमाणे पहिल्या पाच वर्षांत ३,२५० हैतियन मारले गेले. मेलेले अमेरिकन वीसच्या आत.

० ० ०

हे सगळे अमेरिकेत कळायला १९२० उजाडले. ‘नॅशनल असोसिएशन फॉर द ॲडव्हान्समेंट ऑफ कलर्ड पीपल’ या संस्थेतर्फे कवी आणि कादंबरीकार जेम्स वेल्डन जॉन्सन हैतीला गेले आणि ‘द नेशन’मध्ये त्यांनी चार लेख लिहिले. शीर्षक होते ‘सेल्फ-डिटरमायनिंग हैती’, राष्ट्रांच्या स्वयंनिर्णयाचा घोष करणाऱ्या विल्सनना चिमटा काढणारे. वेठ, कत्तल, वंशद्वेष या सगळ्यांबद्दल जॉन्सननी लिहिले. पण अमेरिका हैतीत का आहे हे समजायचे असेल तर नॅशनल सिटी बँकेकडे पाहा, हे त्यांनी नाव घेऊन सांगितले. मला या लेखांचे महत्त्व त्यासाठी वाटते. जुलूम सांगणारे पुष्कळ असतात. जुलमाची खतावणी उघडणारे थोडे.

जॉन्सन यांचे लेख येत होते त्याच उन्हाळ्यात आर्थिक सल्लागार जॉन मॅकिल्हेनी याने हैतीच्या अध्यक्षाचा, मंत्र्यांचा आणि सल्लागार मंडळाच्या सदस्यांचा पगार थांबवला. कारण काय? बँकेच्या फायद्याच्या काही अटी सरकार मान्य करत नव्हते. स्वतंत्र म्हणवणाऱ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष परक्या मुनिमाच्या सहीशिवाय आपला पगार उचलू शकत नाही, इतक्या साध्या पायरीवर साम्राज्य येऊन थांबले होते. दार्तिगनाव हा अमेरिकनांनीच बसवलेला माणूस होता, हेही लक्षात ठेवायला हवे.

याच सुमाराला नॅशनल सिटी बँकेने राष्ट्रीय बँकेचे सगळे हिस्से विकत घेतले. दार्तिगनाव गेला, लुई बोर्नो आला, आणि १९२२ साली १ कोटी ६० लाख डॉलरचे नवे कर्ज काढून जुनी फ्रेंच कर्जे फेडली गेली. पैसे पुरवणारी नॅशनल सिटी बँक. महायुद्धानंतर फ्रँक घसरलेला, म्हणून फ्रेंच कर्जे स्वस्तात मिटली, हा हैतीचा फायदा झाला असे समर्थक म्हणतात, आणि हिशेबात ते बरोबर आहे. पण नव्या कर्जाची मुदत तीस वर्षांची आणि अमेरिकेबरोबरचा करार १९३६ साली संपणारा. तेव्हा कर्ज फिटेपर्यंत जकातीवरचा ताबा राहील, अशी तरतूद आधीच १९१९ साली करून ठेवलेली होती. स्वस्तात मिटलेल्या कर्जाची ही दुसरी बाजू. ताब्याची मुदत आता कर्जरोख्याला बांधली गेली.

समर्थकांची बाजू एवढ्यावर संपत नाही. रस्ते झाले, पूल झाले, टेलिफोन आला, दवाखाने निघाले, हिशेबातली चोरी थांबली. हे खोटे नाही. पण विसाच्या दशकात कॉफीचे भाव बरे होते तेव्हा वाढलेल्या महसुलातून कर्ज मुदतीच्या आधी फेडण्यावर सल्लागारांचा भर होता, आणि देश मात्र निरक्षर होता. १९२७ ते १९२९ या काळात तिथे आर्थिक सल्लागार होता आर्थर मिल्सपॉ. तो त्याआधी पाच वर्षे इराणच्या खजिन्यावर होता. शूस्टरची गादी पुढे चाललीच होती.

बटलरविषयी दोन शब्द, कारण अमेरिकन साम्राज्यवादावरच्या कुठल्याही लेखात तो येतोच. निवृत्तीनंतर १९३५ साली त्याने लिहिले की मी आयुष्यभर भांडवलदारांचा गुंड म्हणून काम केले, आणि हैती, क्यूबा या जागा नॅशनल सिटी बँकेच्या वसुलीसाठी नीटनेटक्या करून दिल्या. हे वाक्य दाखवून टाळ्या मिळतात. पण विधिमंडळाला कुलूप लावणारा आणि वेठ सुरू करणारा तोच होता, आणि पेराल्तला ज्यांनी मारले ते दल त्यानेच उभे केले होते. त्याची कबुली वाचताना मला जॉन्सन जास्त आठवतात. त्यांनी तीच गोष्ट पंधरा वर्षे आधी, पेन्शन सुरू व्हायची वाट न पाहता सांगितली होती.

१९२९ साली कॉफीचा भाव कोसळला. त्याआधीच दारूवर नवे कर बसले होते. ऑक्टोबरअखेर दामियँच्या शेतकी विद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्ती कापल्याबद्दल संप केला. तो जकातघरातल्या कारकुनांपर्यंत पोहोचला. ६ डिसेंबरला ले कायजवळ सुमारे दीड हजार शेतकऱ्यांच्या जमावावर मरीनांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकड्याप्रमाणे १२ मेले, इतरांच्या मते त्याहून बरेच जास्त. अध्यक्ष हूव्हर यांनी चौकशीला आयोग नेमला. त्याचे प्रमुख कॅमेरॉन फोर्ब्ज हे फिलिपीन्सचे माजी गव्हर्नर-जनरल. इथेही मनिला!

आयोगाच्या अहवालानंतर माघारीची तयारी सुरू झाली. १९३० साली निवडून आलेले स्तेनिओ व्हँसाँ यांच्याशी १९३३च्या ऑगस्टमध्ये करार झाला, आणि वर्षभराने, १५ ऑगस्ट १९३४ला, शेवटचे मरीन बोटीवर चढले. तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते घटनेची फुशारकी मारणारेच फ्रँकलिन रूझवेल्ट. त्या नोव्हेंबरात पेराल्तचे अवशेष काप-हैतियनला सरकारी इतमामाने पुरले गेले. १९३५ साली हैतीने दहा लाख डॉलर मोजून आपली राष्ट्रीय बँक नॅशनल सिटी बँकेकडून विकत घेतली.

सैन्य गेले तरी जकातघर मोकळे झाले नाही. १९३३च्या करारात ‘वित्त प्रतिनिधी’ नावाचा अमेरिकन अधिकारी ठेवलेला होता. जकातीची वसुली त्याच्या कचेरीच्या हातात राहिली, आणि खर्चाचा क्रम तोच, आधी कर्ज. ती कचेरी १९४१ साली बंद झाली, तिची जागा बँकेच्या संचालक मंडळाने घेतली, त्यातही अमेरिकन संचालक होतेच. शेजारच्या डोमिनिकन प्रजासत्ताकाला त्यांची जकात परत देण्याचा करार १९४० साली झाला. हैतीचे १९२२चे रोखे १९४७ साली पूर्ण फिटले. १८२५ साली पॅरिसमध्ये काढलेल्या पहिल्या कर्जापासून ती साखळी सुरू झाली होती. मधे १२२ वर्षे गेली होती.